चौथ्या टायरचा पट्टा

२ फेब्रुवारी

ती. काका,

पत्राचा मायना शाळेत पाठ केला होता, आता पार विसरले. तेव्हा थेट सुरुवात करते. मी तुमच्या दादाची मुलगी. तुम्ही मला भिंगरी म्हणायचात असं आई सांगते. तुम्ही गेलात तेव्हा मी पाच वर्षांची होते, आता चोवीस पूर्ण आहे. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते, आणि माझ्याकडे स्वतःची छोटी गाडी आहे. इतकी छोटी की घरात तिला सगळे डबा म्हणतात.

आता खरं काम. या डब्यातून मी शर्यतीत उतरते. घाबरू नका, हौशी लोकांचा कारभार असतो. एका बंद पडलेल्या धावपट्टीवर शंकू मांडून वाट आखतात, एका वेळी एकच गाडी सोडतात आणि वेळ मोजतात. त्यासाठी मऊ रबराचे चार टायर लागतात. ते रस्त्यावर चालवले तर महिन्यात झिजून जातील. म्हणून साधे टायर लावून जायचं, तिथे जॅक लावून चारही बदलायचे, धावायचं, आणि पुन्हा साधे चढवून घरी यायचं. म्हणजे जाता-येता चार जास्तीची चाकं गाडीत, रिमसकट. आणि गाडी म्हणजे डबा.

गेल्या महिन्यात पहिल्यांदा गेले. चारही चाकं रचली, वर चादर टाकली आणि निघाले. पहिल्याच वळणावर एक घरंगळून दारावर आदळलं, काच खाली करायचा दांडा मोडला. शेजारी माझी मैत्रीण होती. ती वेळ मोजते म्हणून तिला सगळे घड्याळच म्हणतात. उरलेले साठ किलोमीटर ती मागे वळून, एका हाताने चाक धरून बसली. तिची मान अजून सुटलेली नाही.

फाटकावर गाड्या तपासणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत. माझ्या अर्जावरचं आडनाव वाचून त्यांनी चष्मा वर केला. म्हणाले, "तुझा बाप धावायचा तेव्हा तुझा काका असल्याच डब्यातून चार टायर बांधून द्यायचा. एक इकडचा तिकडे व्हायचा नाही." बाबा शर्यतीत धावायचे, हे मला एका परक्या माणसाकडून कळलं! तुमचा पत्ताही त्यांनीच दिला, आणि फोन करून उपयोग नाही, तुम्हाला ऐकू येत नाही, हेही सांगितलं.

घरी विचारायची सोय नाही, कारण मी धावते हे बाबांना ठाऊक नाही. त्यांना वाटतं मी रविवारी डोंगर चढायला जाते. चाकं घड्याळच्या घरी जिन्याखाली असतात. पुढची शर्यत नऊ मार्चला आहे. चार चाकं कशी बांधायची, शिकवाल का?

भिंगरी (हे नाव वापरलं तर चालेल ना?)


७ फेब्रुवारी

भिंगरे,

पाकिटावरचं अक्षर बघून वाटलं दादाचंच पत्र. तसंच तिरकं, तसंच घाईचं. जिन्यातच बसलो, आणि उघडायला अर्धा तास लागला. उघडलं तर तू निघालीस.

मला अहो-जाहो करू नकोस. लहानपणी तू माझ्या खांद्यावर बसून माझे कान पिळायचीस आणि "ए काका, डावीकडे" म्हणून मला वळवायचीस. ते कान गेले. तू पिळलेस म्हणून नव्हे, टायरच्या दुकानात तीस वर्षं कॉम्प्रेसर आणि हातोडा ऐकून गेले. समोर बसून कुणी बोललं की तोंड बघून कळतं, तेवढ्यावर भागतं. दुकानाच्या वरच्याच खोलीत राहतो. सकाळी खाली कॉम्प्रेसर सुरू झाला की तो मला गादीतून कळतो. अजून रोज चार तास काम करतो. इथे मला सगळे 'दोनदा' म्हणतात. का, ते पुढे कधीतरी.

आता नीट वाच. मागच्या सीटची पाठ आडवी पाड, खाली जुनी सतरंजी घाल. दोन चाकं डिकीत, आडवी, एकावर एक. तिसरं डावीकडे उभं, पुढच्या सीटच्या पाठीला टेकवून. प्रत्येकाला वेगळा पट्टा. खटक्याचे पट्टे घे, दांडा वरखाली केला की आवळत जातात तसले. दोरी नको, दोरीला ताण कळत नाही. एका पट्ट्यात दोन चाकं गुंडाळणारा माणूस आळशी, आणि तसल्या माणसाच्या गाडीत मी बसत नाही. पट्टा टायरवरून टाकायचा नाही, रिमच्या भोकातून ओवायचा, कारण टायर दबतो आणि पट्टा सैल पडतो. आकडे सीटबेल्टच्या बोल्टांना अडकव. आवळून झाल्यावर पट्टा बोटाने छेड. तो वाजला पाहिजे.

मग खूण. दुकानातून पिवळा मेणखडू आण, पाण्याने न जाणारा. पट्टा, खटका आणि टायर या तिघांवरून एक सरळ रेघ ओढ. वाटेत थांबलीस की दार उघडून नुसती रेघ बघायची. ती एकसंध असेल तर काही हललेलं नाही. तुटली असेल तर सोड, पुन्हा बांध, पुन्हा ओढ. रेघ ओढल्याशिवाय मी कधी गाडीचं दार लावलं नाही.

इथे पेन खाली ठेवला होता. शेवटचं वाक्य खोडावंसं वाटलं. राहू दे.

हे झालं तीन चाकांचं. चौथं न्यायचं नाही. गाडी चालवणाऱ्याच्या पाठीमागे काही म्हणजे काही ठेवायचं नाही. घड्याळला बसने पाठव आणि चौथं पुढे तिच्या जागी बांध. का, ते विचारू नकोस. आणि दादाला सांग. चोरून करायची गोष्ट नाही ही.

काका


१३ फेब्रुवारी

ए काका,

घे, केलं अरे-तुरे. खुश?

तीन चाकं तुझ्या पद्धतीने बांधली, गल्लीत दहा वेळा ब्रेक मारले, आणि शेजारच्या आजोबांच्या शिव्या खाल्ल्या. एकसुद्धा हललं नाही. रेघ बघायला इतकं बरं वाटतं की मी उगाचच दार उघडून बघत होते. दिवसभर नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या बाईला तुझी ही खूण एकदम पटली.

नवे पट्टे घ्यावे लागले नाहीत. आमच्या माळ्यावर बाबांची जुनी पत्र्याची पेटी आहे, तिच्यात सापडले. पण तीनच. चौथ्यासाठी माळा पालथा घातला, नाही मिळाला. बाबा स्वयंपाकघरात भाजी चिरत बसले होते. सहज विचारलं, "माळ्यावर कसले हो पट्टे आहेत?" म्हणाले, "कसले पट्टे?" आणि सुरी तशीच ठेवून आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग लावल्याचा. परत आले तेव्हा अर्धी चिरलेली भाजी विसरूनच गेले होते. हात दुखत असेल. जिन्यावरून पडल्यापासून त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, तुला ठाऊकच असेल.

आता चौथ्याचं बोल. घड्याळला बसने पाठवता येत नाही. बस धावपट्टीपासून चौदा किलोमीटरवर सोडते, तीही दहा वाजता, आणि फाटक साडेसातला बंद होतं. तीन चाकं बदलून धावायची परवानगी नाही, चारही एकाच जातीची लागतात. म्हणजे चौथं माझ्या पाठीमागेच येणार. म्हातारबाबा तर म्हणाले तू चार बांधायचास. मग तू ते चौथं कुठे ठेवायचास? का म्हातारपणी भित्रा झालास?

भिंगरी


१८ फेब्रुवारी

भिंगरे,

तो जिन्यावरून पडला नाही.

सांगायचं नव्हतं. पण भित्रा म्हणालीस, तेव्हा ऐक कशाने झालो ते. एकोणीस वर्षांपूर्वी आमच्याकडे तुझ्या डब्यासारखाच डबा होता. दादा धावायचा, मी चाकं सांभाळायचो. दोन डिकीत, एक पुढच्या सीटवर, चौथं दादाच्या पाठीमागे. उरलेल्या जागेत जॅक आणि अवजारं. मला जागा उरायची नाही, म्हणून मी मोटारसायकलवरून मागून जायचो. त्या रविवारी पहाटे चारही मीच बांधली. दादा पुढे निघाला, मी वीसेक मिनिटांनी.

वाटेत त्याच्यासमोर ट्रॅक्टर आडवा आला. त्याने करकचून ब्रेक दाबला. गाडी थांबत होती, पण चौथं चाक थांबलं नाही. ते सीटच्या वरून आलं आणि त्याच्या खांद्यावर बसलं. गाडी खड्ड्यात गेली. मी पोचलो तेव्हा चाक स्टिअरिंग आणि दार यांच्यात अडकलं होतं, दादा त्याच्या खाली होता, आणि मागे चौथा पट्टा सैल लोंबत होता. बाकीचे तीन जागच्या जागी.

तीन रेघा ओढल्याचं मला लख्ख आठवतं. चौथी आठवत नाही. चौथं चाक ठेवलं, पट्टा ओवला, आणि आतून वहिनीने चहाला हाक मारली. मी आवळून, रेघ ओढून आत गेलो, की तसाच गेलो? तिथे सगळं कोरं आहे. ती सकाळ मी किती वेळा पहिल्यापासून चालवून बघितली. दरवेळी चहाच्या हाकेशी येतो आणि पुढे काही नाही.

दवाखान्यात मी त्याच्या खाटेशी उभा राहून म्हणालो, "दादा, पट्टा माझ्याकडून राहिला." त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला काय समजायचं ते समजलं. महिन्याभरात मी तिथून निघालो. चौथा पट्टा सापडत नाही म्हणतेस, सापडेल कसा? दादाने जाळून टाकला असेल, आणि बरोबरच केलं.

तेव्हा चौथं न्यायचं नाही. दादाला तू सांग, नाहीतर मी सांगेन. आठ दिवस देतो.

काका


२४ फेब्रुवारी

काका,

तुझं पत्र मी कामावर वाचलं आणि दोन नळ्यांवर उलटसुलट चिठ्ठ्या लावल्या. लगेच ध्यानात आलं म्हणून बरं. संडासात जाऊन रडले, मग तोंड धुऊन पुन्हा कामाला लागले.

मला तुमच्या सगळ्यांचा राग आलाय. आईचा, बाबांचा, तुझा. जिना काय, पडले काय! तो जिना मी लहानपणी मोजून मोजून उतरायचे, बाबा पडले म्हणून. आणि तू तिकडे एका खोलीत बसून राहिलास.

पण मी जाणार. तुला राग येईल, येऊ दे. आठवडाभर मी दुसऱ्यांचं रक्त या नळीतून त्या नळीत करते. महिन्यातून एकदा दीड मिनिट मिळतं, त्यात मी काय करते ते माझं असतं. आणि मला ते जमतं, काका. गेल्या वेळी मोडका दांडा आणि आखडलेली घड्याळ घेऊन मी अकरांत आठवी आले. ते मी चहाच्या हाकेसाठी सोडणार नाही.

चौथं माझ्या पाठीमागे येणार. तू शिकवलंस तर तुझ्या पद्धतीने बांधीन, नाहीतर माझ्या अकलेने. माझी अक्कल तुला कळवलेलीच आहे. काय ते ठरव.

आणि बाबांना कळवलंस तर पुन्हा तुला पत्र लिहिणार नाही. शप्पथ.

भिंगरी


१ मार्च

भिंगरे,

दादाचीच आहेस. तोही असाच कात्रीत धरायचा.

तीन दिवस कागद पुढे घेऊन बसलो. शिकवलं तर तुला मी पाठवल्यासारखं होतं, न शिकवलं तर तू तशीच जाणार. तेव्हा शिकवतो. चौथं उभं ठेवायचं नाही. उभं ठेवायचो तीच आमची पहिली चूक. तुझी सीट झेपेल तितकी पुढे घे, गुडघे वर आले तरी चालतील. चाक तुझ्या सीटच्या मागे, पाय ठेवायच्या जागेत, तिरकं खाली बसव. त्याची वरची कड तुझ्या कमरेच्या खाली राहिली पाहिजे. दोन पट्टे, रिमच्या दोन वेगळ्या भोकांतून, फुलीसारखे. तुझ्याकडे तीन आहेत, दोन नवे सोबत पाठवतोय. अर्धा मेणखडूही आहे, माझ्या खिशातला.

दोन्ही पट्ट्यांवर रेघ ओढ. आणि ओढलीस की मोठ्याने म्हण, "ओढली." घड्याळला साक्षीला उभी कर. लोक हसले तर हसू देत. मी त्या दिवशी मोठ्याने म्हटलं असतं, तर आज मला कुणाला तरी विचारता आलं असतं.

आजच दादालाही लिहितोय. तू मला पुन्हा लिहिणार नाहीस हे धरून लिहितोय.

काका


१ मार्च

दादा,

नमस्कार. एकोणीस वर्षांनी लिहितोय आणि तेही तक्रार घेऊन. भिंगरीला रागावू नकोस, माझा पत्ता तिने शोधला, पण तिच्याशी पत्रांतून बोलत राहिलो तो मी.

ती डोंगर चढायला जात नाही. शर्यतीत धावते, त्याच धावपट्टीवर. नऊ तारखेला पहाटे पाचला मैत्रिणीच्या घरून निघणार आहे, गाडीत चार चाकं घेऊन. चौथं तिच्या पाठीमागे आहे. कसं बांधायचं ते मी तिला लिहिलंय, पण माझ्या बांधण्यावर विश्वास ठेवायला मी कुणाला सांगू? माझ्या हातून एकदा घडलं. तू जाऊन बघ. हवं तर चावी काढून घे. माझ्याशी बोलू नकोस, पण तिला एकटी सोडू नकोस.

वहिनीला नमस्कार.

धाकटा


१० मार्च

ए काका,

शप्पथ मोडतेय. मोडल्याशिवाय राहवेना.

शनिवारी बाबा दिवसभर घरात होते आणि काही बोलले नाहीत. म्हटलं, पत्र पोचलं नाही, सुटलो. रविवारी पहाटे घड्याळच्या जिन्याखालून चाकं काढली, बांधली, पाच रेघा ओढल्या, पाच वेळा "ओढली" ओरडले. वळून बघते तर तिच्या घराच्या फाटकापाशी बाबा. स्वेटर उलटा घातलेला, आणि हातात तुझं पत्र.

म्हणाले, "चावी."

मी दिली. वाटलं, संपलं सगळं. घड्याळ तर माझ्या मागे लपली. बाबांनी चावी खिशात टाकली आणि मागचं दार उघडलं. एकेक पट्टा बोटाने छेडून बघितला. चौथ्याशी आले आणि तिथेच थांबले, इतका वेळ की मला वाटलं त्यांना चक्कर आली. मग दोन्ही पट्टे सोडले. माझ्या देखत पुन्हा बांधले, डाव्या हाताने आणि गुडघ्याने रेटून. उजवा नुसता टेकवला होता. मी मदतीला हात पुढे केला तर कोपराने बाजूला सारलं. खडू मागितला. रेघा ओढल्या. मी म्हटलं, "बाबा, मोठ्याने 'ओढली' म्हणायचं असतं." मग त्यांनी म्हटलं, अगदी हळू.

चावी परत दिली. मी बसले, काच खाली केली. नवा दांडा आहे. तर वाकून म्हणाले, "पंपावर थांबशील. मागचं काहीही हवं असलं तरी पट्टा सोडायचा नाही. उशीर झाला तर होऊ दे. सोडायचा नाही." तीनदा म्हणाले. मला कळेना हा पंप कुठून आला. तुझ्या पत्रात तर पंपाचा विषयच नव्हता.

आणि ऐक. पंपावर पेट्रोल भरताना घड्याळच्या ध्यानात आलं की तिची पिशवी चौथ्या चाकाखाली राहिलीये. वेळ मोजायचं यंत्र त्या पिशवीत. आता काढून, तपासून, लावून ठेवलं तर तिथे गेल्यावर दहा मिनिटं वाचणार होती. तोवर फाटक बंद व्हायला पन्नास मिनिटं उरली होती आणि रस्ता तेवढाच होता. माझा हात खटक्यापर्यंत गेला, खरंच गेला. मग मागे घेतला. घड्याळ वैतागली, "तिकडे गेल्यावर कधी लावणार?" मी म्हटलं, "नाही लावलं तर मनात मोज."

पुढे पंधरा मिनिटांवर आडरस्त्यातून एक टेम्पो थेट समोर आला. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी तिरकी होत गेली, टायर किंचाळले, घड्याळ किंचाळली. टेम्पो निघून गेला. मी मान खाली घालून बसले होते, मागून काहीतरी येईल म्हणून. काही आलं नाही. दोघींनी उतरून दार उघडलं. पाचही रेघा एकसंध होत्या. मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसून हमसाहमशी रडले, आणि घड्याळ माझ्या पाठीवरून हात फिरवत फाटकाची वेळ सांगत राहिली.

फाटक लावता लावता पोचलो. अकरांत सातवी आले, एक शंकू उडवला.

घरी आले तर बाबा खिडकीत उभे. फक्त एवढंच विचारलं, "रेघ?" मी म्हटलं, "एकसंध." आत गेले आणि कपाट उघडलं.

भिंगरी


१३ मार्च

भिंगरे,

सातवी आलीस. खडू कामी आला. बाकी सगळं नंतर लिहीन.

पंप कुठला? आम्ही त्या वेळी आदल्या संध्याकाळीच पेट्रोल भरून ठेवलं होतं. पंपावर कुणी थांबल्याचं मला माहीत नाही. तो नेमकं काय म्हणाला, ते शब्दाला शब्द लिही. लगेच टाक पत्र.

काका


१५ मार्च

धाकट्या,

हे पत्र मी पुष्कळदा लिहिलं आणि प्रत्येक वेळी फाडलं. या वेळी लिहून झालं की पाकीट भिंगरीच्या हातात देणार आहे, म्हणजे फाडता येणार नाही.

सोबत चौथा पट्टा आहे. आधी तो बघ. मग पुढे वाच.

दिसली रेघ? पट्ट्यावर दोन बोटं आहे आणि खटक्यावर थोडी. तू आवळला होतास आणि रेघही ओढली होतीस. चहा तू त्यानंतर घेतलास.

त्या दिवशी मी पंपावर थांबलो, चाकांत हवा भरायला. तिथे हातमोजे आठवले. ते चौथ्या चाकाखाली सरकले होते. मी पट्टा सोडला, चाक उचललं, मोजे काढले, आकडे परत अडकवले. आवळणार तेवढ्यात मागच्याने हॉर्न दिला. म्हटलं, अर्ध्या तासाचा तर रस्ता आहे. तसाच निघालो.

दवाखान्यात तू येऊन म्हणालास, पट्टा माझ्याकडून राहिला. तेव्हाच सांगायला हवं होतं. सगळे उभे होते, तुझी वहिनी होती, आणि तू रडत होतास. मला तुझ्याकडे बघवेना, म्हणून मी भिंतीकडे वळलो. उद्या सांगू म्हटलं. उद्याही जमलं नाही. मग तू निघून गेलास, आणि रोज एकेक दिवस गेला तसं ते आणखी जड होत गेलं. हात गेला त्याचं मला काही वाटलं नाही, ते माझं मी केलं होतं. तुझं जे केलं त्याला मी भ्यालो.

गॅरेजवाल्याने सामान आणून दिलं तेव्हा तीन पट्टे पेटीत टाकले. हा मोज्यांबरोबर कपाटात ठेवला. जाळायचं धाडस झालं नाही, आणि तुला पाठवायचंही झालं नाही.

तुझ्या पत्रात तू लिहिलंस, "माझ्या हातून एकदा घडलं." ते वाचून मी त्या पहाटे तिथे गेलो. परवा घरात सगळं सांगितलं. तुझी वहिनी रडली. भिंगरी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. पाकीट नेशील का विचारलं तर नुसती मान हलवली.

माफ कर असं लिहायला माझा हात धजत नाही. तुला काय वाटेल ते लिही. मी वाचीन.

दादा


१९ मार्च

दादा,

पट्टा मिळाला. सांगितलंस त्याच क्रमाने बघितला आणि वाचलं.

रेघ माझी आहे. शेवटाला जरा डावीकडे वळलेली. खडू उचलताना माझं मनगट तसं वळतं, अजूनही वळतं. खाली दुकानात उजेडात नेऊन बघितली, नवी एक ओढून शेजारी धरून बघितली. दुकानातल्यांना वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मी पट्टा तोंडाशी धरून रडत होतो.

मला राग आला आहे. लिहून ठेवतो, कारण तू समोर असलास की मी धाकटा होतो आणि राग गिळतो. इथे मला 'दोनदा' म्हणतात, का ते ऐक. कुणाचंही चाक बसवलं की नट दोनदा आवळतो, आणि गिऱ्हाईक निघालं की त्याच्या मागे रस्त्यापर्यंत धावतो, थांबवून पुन्हा बघतो. माणसं हसतात, काही शिव्या देतात. एकदा लग्नाचं जुळत आलं होतं. मीच नको म्हणालो. म्हटलं, ज्याला एक पट्टा आवळता आला नाही त्याच्या भरवशावर कुणी का राहावं? दादा, तू एक ओळ लिहायची होतीस. एकच. पोस्टकार्ड चाललं असतं.

राग कधी जाईल ठाऊक नाही. तो जाईपर्यंत इथेच बसावं की तिकडे यावं, याचा दोन दिवस विचार केला. इथे बसून तर काहीच जात नाही असं दिसतंय.

तेव्हा सहा एप्रिलच्या शर्यतीला येतो. शनिवारी संध्याकाळी पोचेन. चाकं मी बांधीन, "ओढली" तू म्हण. पंपावर तू गाडीच्या जवळ फिरकायचं नाहीस. भिंगरीची काळजी करू नकोस. मला पुन्हा पत्र लिहिणार नाही अशी शप्पथ घेतली होती तिने, आणि चार पानं लिहिली. तुझ्याशीही बोलेल. वहिनीला सांग, चहाला हाक मारली की या वेळी आधी 'बांधून झालं' म्हणून सांगेन आणि मगच आत येईन.

पट्टा परत आणणार नाही. तो आता माझ्याकडे राहील.

आणि एक. मला आता ऐकू येत नाही, समोरच्याचं तोंड बघूनच कळतं. तेव्हा जे काय सांगायचं असेल ते भिंतीकडे वळून सांगू नकोस. माझ्याकडे तोंड करून सांग.

धाकटा